काझी सर आणि हिरवळीचा शब्द

आठवीच्या इंग्रजी वाचनपुस्तकात एका खेड्याच्या वर्णनाचा धडा होता. आमच्या शाळेत तो काझी सर शिकवत नसत. तो आला की ते माझ्याकडं यायचे, "बार्शीवाले, आजचा तास तुमचा," म्हणायचे आणि माझा गणिताचा वर्ग घ्यायला निघून जायचे. गणित त्यांना धड येत नव्हतं. पोरांना पाढे म्हणायला लावून ते खिडकीशी उभे राहायचे. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ही काय भानगड आहे?" मी म्हटलं, "त्या धड्यात एक शब्द आहे." त्यांना वाटलं, अवघड असेल.

तो शब्द काझी सरांसारखा साऱ्या जिल्ह्यात कुणी शिकवला नसेल. एकदाच शिकवला, पण आमच्या दोघांच्या वर्गांमधल्या पत्र्याच्या आडोशापलीकडून मी तो ऐकलाय.

मी बार्शीचा. बार्शी पहिल्यापासून इंग्रजी मुलखात आणि भूम निजामाच्या. एस.टी.नं सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो, पण तेव्हा ते दोन देश वाटायचे. मी भूमला नोकरीला आलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी कचेऱ्यांच्या भिंतींवरची जुनी उर्दू अक्षरं चुन्याच्या हाताखालून अजून डोकावत होती. मला खोली मिळाली ती काझी सरांच्या शेजारची. पहिल्याच संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत, दाढीत पांढरे केस, अंगावर कोपरांपाशी विटून तपकिरी झालेली काळी शेरवानी आणि डोक्याला काही नाही.

"बार्शीचे का? या, चहा घ्या. आन् सांगा, बार्शीला बार्शी का म्हंत्यात?"

मला माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. गावात एवढी वर्षं राहून माणसानं गावाचं नाव विचारू नये, हे त्यांना पटेचना.

पूर्वी ते लाल टोपी घालत म्हणे, काळ्या गोंड्याची. पोलिस ॲक्शनच्या दिवसांत ती काढून ठेवली, ती परत घातली नाही आणि दुसरी कुठली घेतलीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोक्याला हवा लागली की बरं असतंय." त्यांचे थोरले भाऊ त्याच दिवसांत हैदराबादला निघून गेले. पुढं मुलगाही तिकडंच नोकरीला लागला. "तुम्ही का नाही गेलात?" असं मी एकदा विचारलं. ते मूळचे भूमजवळच्या ईट गावचे. म्हणाले, "आज्ज्याचा आज्जा ईटच्या मातीत निजलाय. त्याला काय सांगू, ऊठ, बिस्तरा बांध म्हणून?"

शाळा उर्दूची मराठी झाली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. मराठी त्यांना जन्मापासून बोलता यायची, लिहिता येत नव्हती. मग त्यांनी काय करावं, तर प्राथमिक शाळेच्या पहिलीच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून, पाटी घेऊन बसायला लागले. पोरं खिदळायची, तेही खिदळायचे. 'ळ' हे अक्षर त्यांना सगळ्यांत आवडलं होतं. "काय अक्षर हाय! दोन पोरं गळ्यात गळा घालून शाळंला निघाल्यासारखी!" तेव्हापासून ते फळ्यावर 'ळ' जरा मोठाच काढायचे.

इंग्रजी शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. "शब्दाला रस्त्यात सलाम करून भागत न्हाय," ते वर्गाला सांगायचे, "त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, आईबाप कोण इचारायचं." त्यामुळं त्यांच्या वर्गात नवा शब्द आला की कुणीतरी पोरगं ओरडायचंच, "सर, याचा बाप कोण?" आणि सर खुर्ची सोडून उठायचे. छडी त्यांनी कधी घेतली नाही. आळशी पोराला ते म्हणायचे, "आज तू 'लेझी'. शाळा सुटंस्तवर समदे तुला लेझीच म्हणतील." दुसऱ्या दिवशी ते पोरगं गृहपाठ करून यायचं, पण नाव मात्र त्याला कधीकधी जन्मभर चिकटायचं. भूमच्या स्टँडवर पुढं एक हमाल होता, त्याला सगळं गाव 'मिस्चिफ' म्हणायचं. ती करणी सरांची.

आठवडी बाजारात ते घ्यायचे कमी आणि विचारायचे जास्त. बुरडिणीपुढं उकिडवे बसून एकेक वस्तू उचलायचे. हे सूप, ही रोवळी, ही दुरडी, हा हारा. मला म्हणायचे, "इंग्रजीत या समद्या टोपल्यांना एकच नाव, बास्केट. गरीब भाषा हाय हो बार्शीवाले. तिला आपणच सांभाळून घ्यायचं." घरी अमिनाबी त्यांची वाट पाहत बसलेल्या असायच्या. भाजी विसरून नवरा कुठलातरी शब्द घेऊन आलेला पाहिला की मला हाक मारून सांगायच्या, "सुनो भाई, इनों रोटी नै खाते, लफ्जां खाते."

शेवंता त्यांना अशीच बाजारात भेटली. भूमपासून जवळच्या एका वाडीवर निवृत्ती नावाचा शेतकरी होता, मध्यम जमिनीचा, शांत माणूस. त्याची ही थोरली मुलगी, गावात मावशीकडं राहून सातवी झालेली. बापाच्या शेंगांच्या ढिगाशी बसली होती. सरांनी एका पालेभाजीचं नाव चुकीचं घेतलं आणि पोरीनं मान न वळवता ते दुरुस्त केलं. वर असंही सांगितलं, की तिची आजी या भाजीला आणखी एका नावानं ओळखायची, पण ते नाव आता कुणी घेत नाही. सर तिथंच बसले. बाप तिला आता शाळेतून काढणार आहे, हे त्यांना उठायच्या आत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते वाडीवर गेले.

"मास्तर, पोरगी शिकून काय करनार?" निवृत्ती म्हणाला. "उद्या लगीन करायचंय तिचं."

"करा की लगीन. पण उद्या नवऱ्यानं इंग्रजीत शिवी दिली तर तिला कळाय नको?"

निवृत्ती हसला. आतल्या दारात त्याची बायको कोंडाबाई उभी होती, ती हसली नाही. तिनं सरांना नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "समदी लोकं नावं ठिवत्याल. पर तुमी घरापत्तुर आलाव. तुमच्या हवाली करते मी तिला, मास्तर. दुसऱ्या कुनाच्या न्हाय."

"माझ्या हवाली," सर म्हणाले, आणि त्यांनी छातीला हात लावला.

आठवीच्या वर्गात मग मुलींच्या बाकावर शेवंता बसू लागली. तिचे प्रश्न मला पत्र्यापलीकडून ऐकू यायचे. इतर पोरं शब्दाचा बाप विचारायची, ती विचारायची, "सर, मग त्याच्या बहिनी किती?" सर खूश होऊन माझ्या वर्गात डोकवायचे, "ऐकलं का बार्शीवाले? बहिणी इचारतेय!" आणि माझी त्रैराशिकं तिथंच थांबायची.

नवरात्र होऊन गेलं होतं, तेव्हा तो खेड्याचा धडा आला. सरांनी शब्द फळ्यावर लिहिल्याचा आवाज मला आला. खडू जोरात दाबायची त्यांची सवय होती.

"लिहायचा व्हर्ड्युअर, म्हणायचा व्हर्जर. सायबाचं असंच हाय पोरांनो, दारात एक आन् घरात एक."

"सर, याचा बाप कोण?"

"सांगतो. इंग्रजाच्या घरात आधीपासनं तीन सख्खी भावंडं होती. ग्रो म्हंजे वाढणं, ग्रास म्हंजे गवत, ग्रीन म्हंजे हिरवं. एका आईची. आपसूक वाढतंय ते गवत, आन् गवताचा जो रंग ते हिरवं. पण ही व्हर्जर त्यांची बहीण न्हाय. ही त्या घरातली सून हाय. हिचं माहेर फ्रान्स. आन् आजोळ त्याच्याबी पल्याड, लॅटिन भाषेत. तिथं 'विरिदिस' म्हंजे हिरवं, आन् 'विरेरे' म्हंजे हिरवंगार असणं, तरारून असणं. लई वर्सांमागं फ्रान्सकडच्या एका सरदारानं इंग्लंड जिंकलं. सरदारासंगं फौज आली, फौजेसंगं खानसामे आले, शायर आले, आन् शब्द आले. राज्य बदललं की शब्द येत्यात. काही जात्यात बी. काही मातूर तिथंच ऱ्हात्यात, घरचे होऊन. ही ऱ्हायली."

एका पोरानं विचारलं, "पर घरात ग्रीन असताना ही कशाला ठिवली?"

"बरं इचारलंस. ग्रीन म्हंजे नुसता रंग. मिरचीबी ग्रीन, बांगडीबी ग्रीन. एका झाडाला कुणी व्हर्जर म्हणत न्हाय. गवत, पाला, वेली, झाडं समदी एकात एक मिसळून, पान कुणाचं ते सांगता येऊ नये इतकं दाट, आन् त्यात ओल, आन् त्यात जीव. असं समदं मिळून जे हिरवं, ते व्हर्जर."

तेव्हा शेवंताचा आवाज आला. "सर, आमच्या रानात हिरवं असतंय तवाबी मधनं दगडं दिसत्यात. असं दाट म्या कुठं बघितलंच न्हाय."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "म्या बी लई वर्सं पुस्तकातच बघितलं होतं," ते म्हणाले. "थांब, दावतो."

भूमपासून दीडएक कोसावर एका बागाईतदाराचा पानमळा होता. नागवेलीचा मळा फार दाट असतो. शेवरी, पांगारा, हादगा यांच्यावर वेली चढवलेल्या, आत शिरलं की ऊन पानांवरच राहतं, खाली हिरवा अंधार. सरांनी मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेतली, मळेवाल्याला निरोप पाठवला, आणि पोरांना भाकरी बांधून आणायला सांगितल्या. मला तास होते, मी गेलो नाही. पुढचं मला मळ्यातल्या गड्यांनी आणि पोरांनी सांगितलं. सगळ्यांनी एकसारखंच सांगितलं.

पानमळ्यात वहाणा घालून जात नाहीत. पोरांनी बाहेर वहाणा काढल्या, सरांनीही काढल्या. आत नेऊन त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मग म्हणाले, उघडा, आणि आता बोला. सगळा वर्ग ओरडला, "व्हर्जर!" शेवंता मान वर करून गोल फिरली, फिरताना तिला भोवळ आली आणि ती मैत्रिणीच्या अंगावर पडून हसत सुटली. "सर, दगड न्हाय! कुठंच दगड न्हाय!"

भाकरी खाताना पाणी संपलं. मळ्याची विहीर पायऱ्यांची होती, पावसाळ्यानं तोंडापर्यंत भरलेली. शेवंता कुणाला न सांगता तांब्या घेऊन उठली. पाण्याजवळच्या पायऱ्यांना शेवाळ होतं आणि पायात काही नव्हतं. एका मुलीनं आवाज ऐकला आणि किंचाळली.

काझी सर धावले ते थांबलेच नाहीत. शेरवानीसकट त्यांनी उडी घेतली. त्यांना पोहता येत नव्हतं. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी देत असलेले गडी पळत आले, त्यांनी मोटेचा नाडा पाण्यात सोडला, आणि वर दिसत होते ते सर त्यांच्या हाती लागले. शेवंता लागली नाही. तिला नंतर गळ टाकून काढावं लागलं.

दुपारी मळ्यातली बैलगाडी शाळेपुढं आली. गाडीत वाकळेखाली शेवंता. पोरं गाडीला धरून रडत चालत होती. आणि सगळ्यांच्या मागं काझी सर होते, अनवाणी, शेरवानीतून अजून पाणी ठिबकत होतं. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला तर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखल्याचं मला दिसलं नाही.

मुलूख मोकळा होऊन दहाएक वर्षं झाली असतील, पण त्या वेळच्या आठवणी हिंदू-मुसलमान दोन्हीकडं ताज्या होत्या. तास-दोन तासांत चावडीपुढं माणसं जमली. कुणीतरी बोललं, "काझ्यानं पोर बुडवली." आणखी कुणी काय बोललं ते मी लिहीत नाही. अमिनाबींनी दाराला आतून कडी घातली. सर ओसरीतच बसून राहिले, आत जाईनात. मी शेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो?

दिवस मावळायच्या आत निवृत्ती आला. त्यानं लेकीचं तोंड पाहिलं. मग तो चावडीकडं आला आणि मळ्यातल्या गड्याला पुढं बोलावलं.

"मास्तरला पवता येतंय का?"

"न्हाय, दादा."

"आन् उडी मारली?"

"व्हय. आमी वढलं म्हून वाचलं."

निवृत्ती वळला. मग जमलेल्या माणसांना म्हणाला, "मास्तरला कुनी बोट लावायचं न्हाय. दोघं पडली हुती. एक निघालं." एवढं बोलून तो पोरीकडं परत गेला. माणसं पांगली.

शेवंताचे दिवस झाल्यावर कोंडाबाई शाळेत आली, एकटीच. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत मी आणि सर होतो. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"मास्तर, येक इचारायचंय."

सर उठून उभे राहिले.

"माझ्या पोरीला काय दावाया न्हेलं हुतं?"

"एक शब्द होता, वहिनी," सर म्हणाले.

"कसला सबुद?"

त्यांनी तो सांगितला.

"म्हंजी काय?"

सरांनी तोंड उघडलं. ज्यांना एका शब्दाच्या आजोळापर्यंत जायला तास पुरायचा नाही, ते काझी सर. फ्रान्स, लॅटिन, सून, माहेर, यातलं काहीच त्या बाईपुढं ठेवता येईना. शेवटी म्हणाले, "हिरवळ. दाट हिरवळ."

कोंडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असावं, अजून काही पुढं असेल.

"येवढंच?" ती म्हणाली.

सरांनी 'हो' म्हणून मान हलवली.

"हिरवळीला हिरवळ म्हंत्यात, हे तर ठावं हुतं की तिला, मास्तर."

तिनं पदर सावरला आणि ती निघून गेली. सर उभेच होते. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी ते तसेच उभे होते.

राजीनामा त्यांनी दिला होता, तो घेतला गेला नाही. इंग्रजीला दुसरा माणूस मिळत नव्हता. ते पुन्हा वर्गावर जाऊ लागले. पण शब्दांच्या घरी जाणं संपलं. शब्द आला की अर्थ सांगायचा आणि पुढं सरकायचं. नव्या वर्षी एका पोरानं मोठ्या भावाकडून ऐकून विचारलं, "सर, याचा बाप कोण?" पत्र्याअलीकडं मी खडू खाली ठेवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळानं सरांचा आवाज आला, "कुणी न्हाय. लिहून घ्या." बाजारात जाणंही सुटलं. भाजी आता अमिनाबी शेजारच्या बाईकडून मागवायच्या. मला म्हणाल्या, "अब खाते नै भाई. न रोटी, न लफ्जां."

त्या उन्हाळ्यात पन्नाशीला आलेला हा माणूस एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन पोहायला शिकला. पाठीला वाळका भोपळा बांधून, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या बरोबरीनं. काठावर बघ्यांची गर्दी व्हायची. पहिले काही दिवस लोक हसले, मग त्यांना हसू येईनासं झालं. सर नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर यायचे, खोकायचे, थरथरायचे आणि परत उतरायचे.

पुढच्या वर्षी ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "पाण्यात पडलेलं पोर आपलं आपण वर येतंय का ते बघा. येत असंल तर माझ्या वर्गात पाठवा." असा काही नियम शाळेला करता येत नव्हता. सरांनी तो केला. दर उन्हाळ्यात आठवीला येणारी पोरं गोळा करून ते विहिरीवर न्यायचे. मुलींसाठी त्यांनी वाड्या-वस्त्या फिरून एक पट्टीची पोहणारी म्हातारी शोधून आणली. मुली पाण्यात असल्या की ते लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे आणि म्हातारीला सारखं विचारायचे, "समद्या वर हैत का?" ती वैतागून म्हणायची, "हैत की ओ मास्तर! किती डाव सांगू?"

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. पोरं पोहून गेली, सर काठावर डोकं पुसत बसले होते. मी म्हटलं, "सर, केवढी पोरं तयार केलीत तुम्ही."

ते पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "बार्शीवाले, कुणाला सांगितलं न्हाय. तेव्हा तिचा हात मला लागला होता. खाली. बोटं लागली होती बोटांना. धरायचं कसं, तेच मला माहीत नव्हतं." मग टॉवेल तोंडावर धरून ते तसेच बसले.

निवृत्ती बाजाराला आला की सरांना रामराम घालायचा, कधी ओसरीला टेकायचाही. ईदेला अमिनाबी वाडीवर शिरखुर्मा धाडायच्या. निवृत्ती खायचा, कोंडाबाई हात लावायची नाही. सर समोरून आले तर ती रस्ता बदलायची. भांडण नव्हतं, शिव्याशाप नव्हते. त्या दिवशी शाळेच्या उंबऱ्यावर जे बोलली, त्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

मग एका वर्षी निवृत्ती तापानं गेला. धाकट्या मुलींची लग्नं होऊन त्या लांब गेल्या होत्या. कोंडाबाई एकटी उरली, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. सर बाजाराच्या दिवशी वाडीवर जायचे, तेल-मीठ, काय सरलं असेल ते दाराशी ठेवायचे आणि परत यायचे. आधी ते सामान दिवसभर दारातच पडून राहायचं. पुढं आत जायला लागलं.

माझी बदली झाली. अमिनाबी वारल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा सर निवृत्त झालेले होते आणि मुलगा हैदराबादला चला म्हणून मागं लागला होता. मी म्हटलं, "जा की सर. इथं आता कोण आहे?" ते म्हणाले, "इथं काम हाय थोडं." कसलं, ते मी विचारलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तुळजापूरला. आईचा नवस फेडून मी उस्मानाबादच्या गाडीत मागच्या बाजूला बसलो होतो. यात्रेकरूंची गर्दी चढत होती, आणि त्या गर्दीत काझी सर दिसले. दाढी पूर्ण पांढरी, पाठीत वाक, शेरवानीच्या जागी साधा सदरा. एका हातात परडी आणि नारळाची पिशवी. दुसरा हात अर्धवट पुढं धरलेला, कुणाला न लागता. त्या हाताच्या आत कोंडाबाई चाचपडत चढत होती. कपाळाला भंडारा लागलेला.

तिला खिडकीशी बसवून सर माझ्याकडं वळले, तेव्हा मला ओळखलं. "बार्शीवाले!" म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "देवीला जायचं म्हणाली. मला न्हाय, शेजारणीला म्हणाली. मी ऐकलं. सकाळी स्टँडवर जाऊन उभा ऱ्हायलो. आली."

"बोलल्या काही?"

त्यांनी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली आणि जाऊन तिच्या शेजारी, बाकाच्या अगदी कडेला बसले. मधे पिशवी ठेवली.

कंडक्टर तरुण होता. तिकिटं फाडत तो त्यांच्यापाशी आला. सरांनी दोन तिकिटं मागितली. त्यानं एकदा त्यांच्या दाढीकडं पाहिलं, एकदा म्हातारीच्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडं. सरांना सोडून त्यानं तिलाच विचारलं, "आजी, हे तुमच्यासंगं हैत का? कोण लागत्यात तुमचं?"

सर खाली बघायला लागले. कोंडाबाईचं तोंड खिडकीकडंच होतं. कंडक्टरनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"आमच्या शेवंताचं मास्तर हैत," ती म्हणाली.

पैसे द्यायला पुढं केलेला सरांचा हात तसाच हवेत राहिला. शेवटी कंडक्टरनंच त्यातले पैसे घेतले, तिकिटं त्यांच्या मुठीत ठेवून बोटं मिटवली, आणि गाडी सुटायची घंटा दिली.